रिपोर्टातला ‘निगेटिव्ह’

शाळेत मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवते. पण नालासोपाऱ्यात आमच्या बिल्डिंगीत आणि मागच्या चाळींत माझी खरी नोकरी लोकांचे कागद वाचण्याची आहे. लाइटबिल, बँकेची नोटीस, रेशनकार्डाचा अर्ज, आणि सर्वांत जास्त दवाखान्याच्या फायली. मगरिबची नमाज झाली की दारावर टकटक होते. कागद इंग्रजी असो की मराठी, “टीचरला दाखवा” हे ठरलेले. मला डॉक्टरी येत नाही, हे मी दर वेळी सांगते आणि तरी दर वेळी कागद हातात घेते. या सवयीपायी गेल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. ती आज लिहिणार आहे. ज्यांच्या घरची गोष्ट आहे त्या दोघांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे सगळे बदलले आहे.

मागच्या चाळीतल्या एक खाला छत्री झटकत आल्या. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद पुढे केला. “टीचर, पोराचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय. तोच म्हणाला. तरी डॉक्टरने सुई लिहून दिली, वर गोळ्या. काही नाहीच तर सुई कशाला? लुबाडतायत का आम्हाला?” मुलगा वालीवच्या एका गाळ्यात कामाला आहे. वर्षापूर्वी निकाह झालेला, सून पाच महिन्यांची गरोदर.

कागदावर चारपाच ओळी होत्या. वर ‘युरेथ्रल स्मिअर’, खाली ‘पस सेल्स, प्लेन्टी’, आणि मग एक लांबलचक ओळ : ‘ग्राम निगेटिव्ह इंट्रासेल्युलर डिप्लोकोकाय सीन’. त्या ओळीतला एकच शब्द मला ओळखीचा वाटला. कोरोनाच्या वर्षांत आपण सगळ्यांनीच तो शब्द पाठ केला. निगेटिव्ह म्हणजे सुटलो. मलेरियाचा रिपोर्ट निगेटिव्ह, डेंग्यूचा निगेटिव्ह, अल्हम्दुलिल्लाह. मी म्हटले, “हो खाला, निगेटिव्हच लिहिलंय. पण डॉक्टरांना एकदा विचारा.” माझ्या तोंडचे दुसरे वाक्य त्यांनी ऐकलेच नाही. पहिले ऐकून त्या निघून गेल्या.

रात्री भांडी घासताना ती ओळ डोक्यातून जाईना. आठवीला मी वाक्यपृथक्करण शिकवते. उद्देश्य कोणते, विधेय कोणते, विशेषण कोणाचे. ‘सीन’ म्हणजे दिसले. काही नसेल तर मग दिसले काय? दिसले ते ‘डिप्लोकोकाय’. आणि ‘ग्राम निगेटिव्ह’ हे त्यांचे विशेषण. म्हणजे निकाल निगेटिव्ह नव्हता, जे काही सापडले होते त्याचे ते वर्णन होते. हात साबणाचे तसेच ठेवून मी फोन घेतला.

माझी एक जुनी विद्यार्थिनी विरारला एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. दहावीला तिचे मराठी कच्चे होते, विज्ञान पक्के. कोणाचे नाव न सांगता तिला फक्त ती ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, “टीचर, हा परमा आहे. उर्दूत सुजाक म्हणतात ना, तोच. पुरुषाच्या स्लाइडवर हे दिसलं आणि त्याला त्रासही होत असेल, तर शंका घ्यायला जागा नसते. पॉझिटिव्ह आहे हा रिपोर्ट.” थोडे थांबून तिने विचारले, “लग्न झालंय का? बायकोलाही औषध लागेल.”

त्या रात्री मला झोप लागली नाही. मुलगा काय किंवा सून काय, दोघेही माझ्या एका शब्दावर विसंबून बसले होते.

पुढचे आमच्या ह्यांनी केले. पहाटे फजरनंतर मुलाला मशिदीबाहेर गाठले, समुद्राच्या बाजूला कळंबपर्यंत स्कूटरवर नेले आणि एकट्याला सांगितले. मुलाला मनातून ठाऊकच होते. लघवीला आग, पू, हे काय असते ते गाळ्यातल्या मित्रांनी त्याला कधीच सांगितले होते. रिपोर्टातला ‘निगेटिव्ह’ शब्द त्याला आधार वाटला आणि त्याने तो घट्ट धरला. सुई घेतलीच नव्हती. ह्यांनी त्याच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या : आजच्या आज सुई घे, आणि बायकोला तू स्वतः सांग, आमच्याकडून तिला कळायला नको. हा आजार आला कुठून, ते ह्यांनी विचारले नाही. मला मात्र विचारावेसे वाटत होते. आजही वाटते. पण तो हिशोब माझा नाही.

सून माझ्याबरोबर डॉक्टरीणबाईंकडे आली. रस्ताभर एक शब्द बोलली नाही. बाईंनी तपासले, स्राव घेतला, लॅबला पाठवला. रिपोर्ट आला : जंतू दिसले नाहीत. मी पुन्हा हुशारी करणार इतक्यात बाई म्हणाल्या, “नवऱ्याच्या स्लाइडवर दिसलेत ना? मग हिच्या स्लाइडवर मी विश्वास ठेवत नाही. गरोदरपणात चालणारं औषध आहे, आजच देते.” असे का, ते मला तेव्हा कळले नाही. पुढच्या रविवारी मी सरळ विरारला, त्या मुलीच्या लॅबमध्ये गेले.

तिने शिकाऊ मुलांसाठी ठेवलेली एक जुनी, बिननावाची स्लाइड काढली आणि दुसऱ्या एका कोऱ्या काचेवर रंगवण्याची कृती करून दाखवली. मला ती मेंदीसारखी वाटली. काचेवर स्रावाचा पातळ लेप द्यायचा, वाळवायचा, ज्योतीवरून हलकेच फिरवून पक्का करायचा. मग जांभळा रंग, मिनिटभर. पाण्याने धुवायचे. त्यावर आयोडीन, म्हणजे रंग बसतो. आपण मेंदीवर साखर-लिंबू लावतो तसे. मग काही क्षणच स्पिरिटने धुवायचे. सगळी कसोटी इथे आहे. काही जिवाणूंची बाहेरची भिंत जाड असते, ते जांभळा रंग सोडत नाहीत. काहींची भिंत पातळ असते, त्यांचा रंग निघून जातो. शेवटी गुलाबी रंग टाकला की हे रंग गेलेले जिवाणू गुलाबी दिसू लागतात. जांभळे राहिले ते ‘ग्राम पॉझिटिव्ह’, गुलाबी झाले ते ‘ग्राम निगेटिव्ह’. बस, एवढाच अर्थ. रोग आहे की नाही, याच्याशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. आणि ‘ग्राम’ म्हणजे वजनही नाही. हान्स ख्रिश्चन ग्राम नावाचे डेन्मार्कचे एक डॉक्टर होते, त्यांनी १८८४ साली बर्लिनमध्ये ही रीत काढली. म्हणजे आडनाव! मी पंचवीस वर्षे विशेषनाम आणि सामान्यनाम शिकवते आहे.

मग तिने काचेवर तेलाचा थेंब टाकला, भिंग अगदी तेलाला टेकेपर्यंत खाली आणले. हजारपट मोठे दिसते म्हणाली. मी डोळा लावला. आधी नुसता गुलाबी धूर. तिने बारीक चक्री फिरवली आणि एकदम मोठ्या मोठ्या गोल पेशी समोर आल्या, आत गडद, वेडेवाकडे दोनतीन तुकडे. “या पांढऱ्या पेशी, शरीराचे पहारेकरी. आता त्यांच्या पोटात बघा.” पोटात ठिपके होते. ठिपके नव्हे, जोड्या. राजम्याचे दोन दाणे सपाट बाजू समोरासमोर करून ठेवावेत तशा. एकेका पेशीत अशा कितीतरी. पहारेकऱ्यांनी चोर गिळले होते, आणि त्यातले बरेच पोटातही जिवंत राहतात. ‘इंट्रासेल्युलर’ म्हणजे पेशीच्या आत, ‘डिप्लो’ म्हणजे जोडी. खालांच्या हातातल्या ओळीचे सगळे शब्द मला त्या गोल उजेडात एकेक करून दिसले. त्या ओळीत काहीच लपवलेले नव्हते. वाचणारीला भाषा येत नव्हती.

हे राजम्याचे दाणे पहिल्यांदा ओळखले आल्बर्ट नाइसर या जर्मन डॉक्टरने, १८७९ साली, ब्रेस्लाऊ शहरात. ते शहर आज पोलंडमध्ये आहे. तेव्हा त्याचे वय चोवीस. त्याच्या शंभर वर्षे आधी मोठमोठे डॉक्टर परमा आणि गरमी हे एकाच रोगाचे दोन अवतार मानत होते. आणि याच काळात आपल्याकडे काय चालले होते? १८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना हे रोग लागू नयेत म्हणून वेश्यावस्तीतल्या बायकांची नावे नोंदवायची, त्यांची सक्तीने तपासणी करायची, रोगी ठरल्या तर इस्पितळात डांबायचे. मुंबईतही तो लागू झाला होता. तपासणी बायकांची, त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषांची नाही. कायदा झाला तेव्हा परम्याचा जंतू जगात कोणीही पाहिलेला नव्हता. नुसत्या डोळ्याने बघून बाई दोषी ठरायची. १८८८ मध्ये तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, ती नजर आपल्या घरांतून गेली का, ते प्रत्येकीने आपल्या सासरी-माहेरी तपासून पाहावे.

भाषेची शिक्षिका असल्याने एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. मराठीत ‘गरमी’, उर्दू-फारसीत ‘आतशक’. आतश म्हणजे आग. दोन्ही भाषांनी त्या रोगाला आगीचेच नाव दिले. इराणचे हकीम इमादुद्दीन महमूद शिराजी यांनी १५६९ साली आतशकवर फारसीत स्वतंत्र पुस्तिका लिहिली. आणि आपल्याकडे सोळाव्या शतकातल्या ‘भावप्रकाश’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात याच रोगाला ‘फिरंग रोग’ म्हटले आहे, म्हणजे फिरंग्यांकडून आलेला. आमच्या वसईला फिरंगी १५३४ पासून १७३९ पर्यंत होते. त्यांचा किल्ला पाहायला मुलांची सहल दर वर्षी जाते. या रोगाचे नाव आणि त्या किल्ल्याचे मालक एकच, हे सहलीत कोणी सांगत नाही. अर्थात कोणत्याही गावाने हा रोग आपला म्हटलेला नाही. तो नेहमी दुसऱ्याकडूनच आलेला असतो.

गरमीचा जिवाणू तर आणखी लबाड. तो इतका बारीक की ग्रामच्या रंगाने दिसतच नाही. १९०५ साली बर्लिनमध्ये शाउडिन आणि हॉफमन यांना तो सापडला : बारीक स्क्रूसारखा, पीळ घातलेला, फिकट. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर आणि मुखा यांनी तो बघायला काळोखाची युक्ती वापरली. हे लँडस्टायनर म्हणजे ज्यांनी रक्तगट शोधले तेच. कौलारू घरात दुपारी कवडसा पडला की त्यात धुळीचे कण नाचताना दिसतात, एरवी त्याच खोलीत ते दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकात तसेच करतात : सरळ येणारा उजेड अडवायचा, बाजूचा तिरका तेवढा सोडायचा. काळ्या पडद्यावर चांदीच्या तारा वळवळताना दिसतात. जखमेतला स्राव ताजा असावा लागतो, जंतू जिवंत असावे लागतात आणि बघणाऱ्याचा डोळा तयार असावा लागतो. म्हणून हे आता फार थोड्या ठिकाणी होते. आणि १९०५ सालीच मद्रासच्या सरकारी इस्पितळात, कलकत्त्यात जन्मलेले चार्ल्स डोनोव्हन यांनी अशाच एका वेगळ्या जखमेच्या रोगात, पेशींच्या आत, मिटलेल्या सेफ्टीपिनीसारखे दिसणारे जंतू पाहिले. काळा आजाराशी ज्यांचे नाव जोडलेले आहे तेच हे डोनोव्हन.

गरोदर बाईची गरमीसाठी रक्ततपासणी होते, व्हीडीआरएल नावाची. तीही खरे तर सूक्ष्मदर्शकाखालीच वाचतात, पण तिथे जंतू शोधत नाहीत. काचेवर रक्तातले पाणी आणि औषध मिसळून बारीक गुठळ्या होतात का ते पाहतात. झाल्या तर ‘रिॲक्टिव्ह’. या शब्दावरही आपल्याकडे घरे मोडतात. मलेरिया, क्षय, कुष्ठरोग, संधिवातासारखे काही आजार, कधी नुसते गरोदरपण, यांनीही ही चाचणी फसते. म्हणून टीपीएचएसारखी दुसरी चाचणी झाल्याशिवाय सुनेला माहेरी धाडू नये. दुसरी चाचणी पॉझिटिव्ह आली तरी धाडू नये, कारण पेनिसिलिनची सुई वेळेवर मिळाली तर ती आणि पोटातले मूल दोघेही वाचतात. आधी हे वाक्य मी पहिल्या अर्ध्यावरच थांबवले होते. मग माझीच मला लाज वाटली.

आता सुनेच्या रिपोर्टाकडे येते. डॉक्टरीणबाई स्लाइडवर विश्वास का ठेवत नव्हत्या? टेक्निशियन मुलीने सांगितले : पुरुषाला त्रास होत असेल तर शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक वेळा स्लाइड खरे सांगते. बाईच्या बाबतीत निम्म्या वेळा चुकते. जंतू गर्भाशयाच्या मुखाशी आत दडलेले, थोडे, आणि आजूबाजूला निरुपद्रवी जिवाणूंची गर्दी. शिवाय बऱ्याच बायकांना काही त्रासच होत नाही. ना आग, ना ताप. आणि परम्याबरोबर अनेकदा येणारा क्लॅमिडिया हा जिवाणू तर पेशींच्या आत राहतो, ग्रामच्या रंगाने दिसत नाही. त्याला जंतूच्या जनुकांवरून ओळखणारी महागडी चाचणी लागते. हे दोन्ही आजार गर्भनलिकांपर्यंत चढले की नलिका चिकटतात. मग पाचसहा वर्षांनी “मूल का होत नाही” हा प्रश्न कोणाला विचारला जातो, ते मी सांगायला नको. आईला परमा असेल तर बाळंतपणात बाळाच्या डोळ्यांत जंतू जातात आणि डोळे जाऊ शकतात. एकोणिसाव्या शतकात युरोपात कितीतरी मुले यानेच आंधळी होत. लाइपझिगच्या क्रेडे नावाच्या डॉक्टरांनी १८८०च्या सुमारास नवजात बाळांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायला सुरुवात केली, तेव्हा ते कमी झाले.

म्हणून एकाच्या स्लाइडवर जोडीदाराचाही इलाज. दोघांनी एकाच वेळी औषध घ्यायचे, आणि औषधानंतर सात दिवस लांब राहायचे. नाहीतर औषध संपते आणि आजार या खोलीतून त्या खोलीत फिरत राहतो.

सरकारी योजनेत तर सूक्ष्मदर्शकाची वाटही पाहत नाहीत. जिल्हा रुग्णालयांत आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ असते. लक्षणे पाहून तिथे रंगीत खोक्यांतली औषधे फुकट देतात. पुरुषाच्या पुवासाठी राखाडी, बायकांच्या पांढऱ्या पाण्यासाठी हिरवे, असे ठरलेले. गावोगावी लॅब नसताना ही सोय चांगलीच आहे. पण बाईच्या अंगावरून पांढरे जाणे दर वेळी या रोगाचेच नसते, आणि हिरवे खोके हातात पडले की शेजारीण भलतेच समजते. १०९७ या फुकट फोनवर नाव न सांगता विचारता येते. आमच्याकडे मात्र पहिला डॉक्टर मेडिकलवालाच. तो दोन गोळ्या देतो, आग थांबते, पोरगा खूश. जंतू तेवढ्यात शहाणा होतो. एके काळी पेनिसिलिनने परमा जायचा, मग सिप्रोफ्लॉक्सासिनने. आता दोन्हींना तो जुमानत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२० या एका वर्षात जगात ८ कोटी २० लाख लोकांना परमा नव्याने झाला, आणि त्यावर हमखास चालणारी औषधे आता बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. कोणते औषध चालेल हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. त्यासाठी जंतू वाढवून पाहावे लागतात.

हे सगळे कौटुंबिक मासिकात लिहावे का, असे एका भगिनीने मला विचारले. मदिनेच्या अन्सारी स्त्रिया लाजेपायी प्रश्न विचारायच्या थांबत नसत, याची हजरत आयेशा (रजि.) यांनी तारीफ केली होती, एवढेच मी त्यांना सांगितले. हया आपल्या जागी आहे. पण माझ्या चुकीच्या एका शब्दाने एका बाळाचे डोळे गेले असते, तर मी कोणत्या हयेमागे लपले असते?

बाळ डिसेंबरात झाले. मुलगी. डोळे टपोरे, आईसारखे. मुलगा आणि सून यांच्यात काय बोलणे झाले ते त्यांनाच माहीत. दोन महिने सून माझ्याकडे आली नाही, मग एकदा फाईल घेऊन आली, लसीकरणाचे कार्ड वाचून घ्यायला. नीट वाचले, दोनदा.

खालांना मात्र आजवर काहीच ठाऊक नाही. अकीक्याचे मटण घेऊन आल्या तेव्हा त्या चारचौघींसमोर म्हणाल्या, “टीचर, तुम्ही म्हणालात तेच खरं. रिपोर्ट निगेटिव्हच होता. डॉक्टरांनी उगाच सुई टोचून पैसे काढले.” मी डबा घेतला आणि त्यांना बसायला खुर्ची दिली.